साप चावलेल्या पेशंटचे जुने केस पेपर थिसिससाठी वापरायचेत, एथिक्स कमिटीची क्वेरी आलीये

भिजलेली_वाट (धागाकर्ती), १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर बरेच आहेत आणि एथिक्स कमिटीवर (संशोधनाला आधी मंजुरी देणारी समिती) बसणारेही एकदोघं आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून इथेच विचारतेय. मी मेडिसिनला जेआर-१ (पीजीच्या पहिल्या वर्षाची रेसिडेंट), जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज, नाव नको. थिसिसचा विषय साप चावून आलेले पेशंट. चावल्यापासून एएसव्हीची (सापाच्या विषावरच्या औषधाची) पहिली व्हायल लागेपर्यंत किती वेळ गेला आणि त्यातल्या किती जणांची किडनी गेली, किती डायलिसिसवर गेले, हे बघायचंय. गेल्या पाच वर्षांचे पेपर रेकॉर्ड रूममध्ये आहेत, साडेतीनशेच्या आसपास निघतील.

फॉर्म भरताना मी कन्सेंटच्या (पेशंटच्या संमतीच्या) रकान्यात "लागू नाही" लिहिलं आणि रिव्ह्यूच्या प्रकारात "एक्झेम्प्ट" (कमिटीच्या तपासणीतून सूट) वर टिक केली, कारण डेटा तर आधीच आहे ना, कुणाला सुई टोचायची नाही की नवीन औषध द्यायचं नाही. काल मेंबर सेक्रेटरींचं पत्र आलं. एक्झेम्प्ट कशाच्या आधारावर म्हणता, कन्सेंटचा वेव्हर (माफी) मागितलेलाच नाही तो का मागत नाही, प्रोफॉर्मात (माहिती उतरवायच्या तक्त्यात) नाव, गाव, आयपीडी नंबर (भरती पेशंटचा) आणि एमएलसी नंबर (पोलिसांत नोंदवायच्या केसचा) कशाला हवेत, आणि हा डेटा कुठे राहणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. उत्तराला पंधरा दिवस दिलेत. गाइड म्हणतात दोन ओळी लिहून टाक, जुना डेटा आहे म्हणून. पण त्या दोन ओळी कोणत्या तेच कळत नाहीये.

सर्जन_घाटमाथा, १२ जून, रात्री ११:५८

तुझ्या गाइडशी मी सहमत आहे. मी बावीस वर्षं ग्रामीण भागात ऑपरेशनं करतोय आणि स्पष्ट बोलतो, आपल्याकडे साप चावून माणसं मरतात आणि त्याचा नीट हिशोब कुणाकडे नसतो, कारण हिशोब करायला बसलेल्या पोरांना आपण फॉर्मात अडकवतो. पेपर हॉस्पिटलचा, डॉक्टर हॉस्पिटलचा, पेशंटला कसलाही त्रास नाही. यात नैतिक प्रश्न कुठे आला?

खडीसाखर, १३ जून, सकाळी ७:१०

मी फार्माकॉलॉजीला आहे आणि एका कॉलेजच्या कमिटीची मेंबर सेक्रेटरी म्हणून काम बघते, त्यामुळे अशी पत्रं मी स्वतः पाठवते. वाट, घाबरू नकोस, चारही प्रश्न अगदी नेहमीचे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे एक्झेम्प्ट आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं, आपण विनंती करायची आणि कमिटीनं ठरवायचं. हे वाक्य मी दरवर्षी नव्या बॅचला सांगते आणि दरवर्षी निम्मे अर्ज तसेच येतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं काढ. एक्झेम्प्टमध्ये बसतं ते ज्यात धोका जवळपास नाहीच आणि माणसाशी जोडणारी कुठलीही ओळख नाही असं काम. सार्वजनिक उपलब्ध डेटावरचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, हॉस्पिटलचं स्वतःचं क्वालिटी ऑडिट, शिकवण्याच्या पद्धतींची तुलना वगैरे. तुझ्या प्रोफॉर्मात नाव आणि आयपीडी नंबर आहे, मग ते एक्झेम्प्ट कसं होईल? केस पेपरसारखी कागदपत्रं ओळख काढून वापरली तर ती एक्स्पीडाइटेडमध्ये जातात. म्हणजे पूर्ण कमिटीची बैठक लागत नाही, नेमलेले एकदोन सभासद बघतात. ओळख ठेवलीस तर फुल कमिटी. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे, आधी प्रोफॉर्मा दुरुस्त कर.

दुसरं, "लागू नाही" आणि "वेव्हर" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कन्सेंट लागू असतोच, तो घेणं शक्य नाही म्हणून आपण तो माफ करून मागतो आणि का मागतो ते लिहून देतो. रेट्रोस्पेक्टिव्ह (जुन्या नोंदींवरचा) अभ्यास, पेशंटशी संपर्क होऊ शकत नाही किंवा ओळख काढलेली आहे, आणि वेव्हरशिवाय हा अभ्यास होऊच शकत नाही, ही कारणं त्या तत्त्वांतच दिलेली आहेत. पण नुसती उतरवू नकोस, तुझ्याकडची परिस्थिती लिही. पाच वर्षांपूर्वीचा पेशंट, पेपरवर मोबाईल नंबर बहुतेक दुसऱ्याच कुणाचा, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली माणसं, काही जण वारलेले. शिवाय जे सापडतील त्यांच्याकडूनच कन्सेंट घेतला तर गेलेले आणि गाव सोडलेले गळून जातील आणि तुझं उत्तरच चुकेल. हा शास्त्रीय मुद्दा आहे, कमिटीला तो पटतो.

एक विचारते, मनावर घेऊ नकोस. पेपर काढायला सुरुवात केलीस का?

भिजलेली_वाट, १३ जून, दुपारी २:२५

मॅडम खूप आभार. हो, खोटं नाही बोलत, वीस पेपर काढले. प्रोफॉर्मा चालतो का बघायला. मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत आणि पाच-सहा माझ्या को-जेआरला व्हॉट्सॲपवर पाठवले, अक्षर लागत नव्हतं म्हणून. आमच्याकडे सगळेच असं करतात.

निवृत्त_मास्तर, १३ जून, संध्याकाळी ६:०५

बाळ, मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं आणि आता एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसतो. कमिटीत डॉक्टरांबरोबर वकील असतो, समाजशास्त्राचा माणूस असतो आणि माझ्यासारखा एक बाहेरचा असतो, अध्यक्षही संस्थेबाहेरचा लागतो. बैठकीत इंग्रजी शब्द फार उडतात, मी माझ्यापुरता एकच प्रश्न धरून बसतो, हा कागद माझ्या गावातल्या माणसाचा असता तर?

सर्जन साहेबांनी विचारलंय नैतिक प्रश्न कुठे आला. मी सांगतो. आमच्या गावात चार वर्षांपूर्वी एकच पोरगी साप चावून गेली, आठवीतली, श्रावणात. आता तुमच्या थिसिसमध्ये एवढंच आलं की "मुलगी, वय १४, अमुक गाव, ऑगस्ट, आधी भगताकडे नेलं, नऊ तास उशीर", तर नाव नसलं तरी पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल कोण ती. तिची आई अजून त्याच घरात राहते. नऊ तास का गेले हे तिला आयुष्यभर टोचतंय, ते छापून परत तिच्यापुढे ठेवायचं का?

आणि आणखी एक, हे शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही. शेतकरी साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत घरच्यांना दोन लाख मिळतात. नशेत असताना झालेला अपघात त्यात बसत नाही. केस पेपरवर रात्रपाळीच्या डॉक्टरनं घाईत "तोंडाला वास" असं खरडलेलं असतं, खरं असेल नसेल. तो कागद मोबाईलवरून मोबाईलवर फिरायला लागला की कुठे पोचेल ह्याची खात्री तुम्ही देऊ शकता का? त्या वीस फोटोंत असा एखादा असेल तर?

भिजलेली_वाट, १३ जून, रात्री ९:३०

मास्तर, मी बघितलं. वीसपैकी तीन पेपरवर तसं लिहिलेलं आहे.

मी सगळे फोटो डिलीट केलेत, को-जेआरलाही करायला लावले, बॅकअपमधूनही काढले. रडायला आलं खरं सांगते, कारण मी त्या वॉर्डात रात्र रात्र उभी राहिलेली आहे आणि मला ही माणसं परकी नाहीत. पण पेपर हातात आला की तो नुसता डेटा वाटायला लागतो, कधी लागला ते कळलंही नाही.

खडीसाखर, १३ जून, रात्री १०:१५

डिलीट केलंस ते बरं केलंस, पण ते लपवू नकोस. उत्तराच्या पत्रात सरळ लिही की मंजुरीआधी वीस पेपर बघितले गेले, फोटो नष्ट केलेत, ती नोंद अभ्यासात धरणार नाही. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी देता येत नाही, कुठलीच कमिटी देत नाही, त्यामुळे ते वीस तसेही बाद आहेत. मंजुरी आल्यावर तेच पेपर परत नव्यानं काढता येतील का हे कमिटीलाच विचार. मी मेंबर सेक्रेटरी असते तर असं पत्र लिहिणाऱ्या मुलीवर जास्त विश्वास ठेवला असता.

आकडेमोड, १४ जून, सकाळी ११:२०

बायोस्टॅटिस्टिक्सवाला आहे, प्रोफॉर्म्याचं बोलतो कारण खरी मेख तिथेच असते आणि कुणी तिथे वेळ घालवत नाही. तुझा प्रश्न वेळेचा आहे ना? मग चावल्याची तारीख-वेळ आणि इंजेक्शनची तारीख-वेळ दोन्ही कशाला उतरवतेस, पेपर समोर असतानाच वजाबाकी कर आणि फक्त मिनिटं लिही. ऋतू बघायचा असेल तर महिना पुरे. गावाऐवजी तालुका, आणि अंतर हवं असेल तर गाव ते हॉस्पिटल किलोमीटर तिथल्या तिथे काढून आकडा लिही, गावाचं नाव लिहू नकोस. वय पूर्ण वर्षांत चालेल पण थिसिसमध्ये छापताना गट कर. एमएलसी नंबर तुझ्या कुठल्या टेबलात येणारे? येणार नसेल तर काढ. "आधी भगताकडे" हा रकाना महत्त्वाचा आहे, तो ठेव, पण त्याचं तालुक्यागणिक टेबल छापू नकोस, आणि कुठल्याही चौकटीत पाचपेक्षा कमी माणसं आली तर शेजारच्या चौकटीत मिसळ.

नाव काढलं की झालं असं लोकांना वाटतं, ते खोटं आहे. लतान्या स्वीनी म्हणून अमेरिकेतली कॉम्प्युटर सायंटिस्ट, तिनं १९९७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या नावं काढलेल्या हॉस्पिटल डेटातून थेट त्या राज्याच्या गव्हर्नरचा, विल्यम वेल्डचा, रेकॉर्ड शोधून काढला. मतदार यादी घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड जुळवलं, बस. नंतर तिनं दाखवलं की या तीन गोष्टींवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. तिकडच्या पिनकोडात हजारो लोक असतात, आपल्या वाडीत दोनशे. आता मास्तरांचा श्रावण आठवा.

आणि कोड देणार असशील (सर्प-००१ वगैरे) तर कोड आणि आयपीडी नंबरची यादी वेगळ्या वहीत, कुलपात, गाइडकडे. ही यादी आहे तोवर तुझा डेटा "कोडेड" आहे, "अनामित" नाही. फॉर्मवर अनामित लिहिलंस आणि यादी कपाटात असली तर ती चुकीची माहिती झाली. तपासणी संपली की यादी नष्ट, त्यानंतर अनामित.

सातासमुद्रापार, १४ जून, रात्री ८:४५

मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या रिसर्च ऑफिसमध्ये आहे, मूळ सांगली. इथेही अगदी हाच गोंधळ होतो. इथल्या हिपा कायद्यात (आरोग्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा) अठरा प्रकारच्या ओळखी काढल्या की डेटा ओळखमुक्त मानतात, त्यात तारखांचं फक्त वर्ष ठेवता येतं आणि ८९ च्या वरची सगळी वयं "९० किंवा जास्त" अशी एकत्र करावी लागतात, कारण नव्वदीतली माणसं मोजकीच असतात. भारतात अशी अठराची यादी लागू नाही, पण स्वतःचा प्रोफॉर्मा तपासायला ती छान चाळणी आहे. वाहनाचा नंबर, फोटो, मेडिकल रेकॉर्ड नंबर हे सगळं त्यात येतं.

पाड्यावरची, १५ जून, सकाळी ९:००

धाग्यात घुसते, माझा प्रश्न जवळचाच आहे. मी पालघरकडे एका छोट्या संस्थेत आहे. तीन वर्षांपूर्वी कातकरी पाड्यांवर आम्ही कुपोषणासाठी घरोघर नोंदी घेतल्या, लोकांना सांगितलं होतं की मुलांच्या आहारासाठी. त्यात दारूचा एक रकाना होता. आता एक प्राध्यापक म्हणतात हाच डेटा द्या, व्यसनावर पेपर करू. डेटा आमचाच आहे, नावंही काढून देऊ. पण मला रात्री झोप लागत नाहीये. आणि आमच्याकडे कमिटीही नाही.

खडीसाखर, १५ जून, दुपारी १:३०

ताई, झोप लागत नाही ते बरोबरच आहे. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीचं प्रकरण वाचा. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं, लोकांना वाटलं मधुमेहासाठी, कारण त्या लोकांना मधुमेहानं पोखरलं होतं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि त्यांचे पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरले गेले. जमातीनं दावा लावला आणि २०१० मध्ये विद्यापीठानं ४१ जणांना सात लाख डॉलर देऊन तडजोड केली, उरलेलं रक्त परत दिलं. तिथे कुणा एकाचं नाव फुटलं म्हणून घाव बसला नाही, घाव सगळ्या जमातीवर बसला. कातकऱ्यांच्या नावापुढे "व्यसन" छापलंत तर नाव कुणाचंच नसेल पण डाग सगळ्यांवर बसेल.

कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीशी करार करून अर्ज करता येतो, तशी सोय आहे. पण अर्ज करायच्या आधी पाड्यावर जा आणि विचारा. उद्देश बदललाय, सगळ्यांचे अंगठे परत घेणं जमणार नाही पण पाड्यातल्या बायकांबरोबर बसून बोलणं जमेल. त्या नको म्हणाल्या तर प्राध्यापकांना नको सांगा.

देवनारचा_चहा, १५ जून, संध्याकाळी ५:५०

पीएचडीवाल्यांसाठी एक ओळ टाकून जातो. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) सारखा डेटा (६ लाखांवर घरं, २०१९-२१) डाउनलोड करून वापरताना कमिटीकडे जायची गरज नाही असं सगळे धरून चालतात. ओळख काढलेला आहे, बहुतेक वेळा एक्झेम्प्ट होतोच, पण ते पत्र हातात घ्या, जर्नल मागतं तेव्हा धावपळ होते. आणि त्या सर्व्हेची जीपीएस ठिकाणं मुद्दाम सरकवलेली असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत, काही थोडी दहापर्यंत. एवढी मोठी सरकारी मोहीम गाव लपवायला इतकी धडपड करते आणि आपण एक्सेलमध्ये वाडीचं नाव टाकतो.

सर्जन_घाटमाथा, १५ जून, रात्री १०:२०

मास्तरांची पोस्ट मी तीनदा वाचली. "वास" ची नोंद मी स्वतः कितीतरी वेळा केलेली आहे आणि ती पुढे कुणाच्या पोटावर येईल असा विचार केला नव्हता. ते मान्य करतो. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. केंद्रानं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचेत. ते करायचं तर कुठल्या तालुक्यात उशीर होतो हे कळायलाच हवं, आणि ते या पोरीच्या पेपरांतच आहे. कमिटीनं सहा-सहा महिने बसून राहू नये एवढंच म्हणणं. महाडसारख्या ठिकाणी बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम केलं, ते एकेक पेशंट नीट नोंदवल्यामुळेच झालं ना. नोंदी वाया जाणं हाही पेशंटवरचा अन्यायच आहे.

निवृत्त_मास्तर, १६ जून, सकाळी ६:४०

साहेब, ह्यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या कमिटीत मी उशिराबद्दल भांडतो. अभ्यास थांबवावा असं मी एकदाही म्हटलेलं नाही, त्या पोरीच्या नऊ तासांचा उपयोग झालाच पाहिजे. फक्त नऊ तास घ्या, पोरगी घेऊ नका.

आकडेमोड, १६ जून, सकाळी ११:००

कायद्याचं राहिलं होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा फक्त ऑनलाइन गोष्टींचा आहे असं वाटतं, पण कागदावरून नंतर डिजिटल केलेली माहितीही त्यात येते. म्हणजे केस पेपर एक्सेलमध्ये टाइप केला की आलात. संशोधनाला सूट आहे, पण अटींवर, त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेले निकष पाळायचे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. आणि एचआयव्हीचा रिपोर्ट पेपरला लावलेला असतो, तो रकाना तुझ्या विषयाला लागत नसेल तर उतरवूच नकोस, त्याला २०१७ चा वेगळा कायदा आहे.

भिजलेली_वाट, २ ऑगस्ट, रात्री १०:५०

उशिरा लिहितेय, पावसाळा सुरू झाल्यापासून वॉर्डात रोज दोन-तीन सापाचेच पेशंट आहेत.

पत्र आलं! एक्स्पीडाइटेड, वेव्हर मंजूर. उत्तर दोन ओळींऐवजी चार पानी झालं. गाइडना आधी राग आला, मग मास्तरांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, त्यावर ते काही बोलले नाहीत पण कुलपाचं कपाट त्यांनी स्वतःच दिलं. प्रोफॉर्मा एकतीस रकान्यांवरून एकोणीसवर आला. नाव, गाव, एमएलसी नंबर, मोबाईल, तारखा सगळं गेलं. वीस पेपरांचं खरं लिहिलं होतं, मेंबर सेक्रेटरींनी बोलावून विचारलं, ओरडा मिळाला, आणि कमिटीनं सांगितलं की ते पेपर परत काढता येतील पण नव्या प्रोफॉर्म्यावर आणि रेकॉर्ड रूममध्येच बसून, मोबाईल बाहेर ठेवून. रेकॉर्ड रूमच्या मामांकडे मोबाईल ठेवायचा आणि वहीत सही करायची असं ठरलंय. "तोंडाला वास" साठी रकाना नाही.

पाड्यावरच्या ताई, तुमचं काय झालं ते सांगाल का?

पाड्यावरची, ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

तीन पाड्यांवर बसलो. दोन पाड्यांवर बायका म्हणाल्या दारूचं लिहा पण भट्टी कोण लावतं आणि ती बंद का होत नाही तेही लिहा. तिसऱ्या पाड्यानं नको सांगितलं. प्राध्यापकांना तसं कळवलंय, तिसऱ्या पाड्याच्या नोंदी देणार नाही. बाकीच्या दोन पाड्यांसाठी अर्ज आता लिहायला घेतलाय, त्यातला उद्देशाचा परिच्छेद त्या बायकांनी सांगितला तसाच ठेवलाय. खडीसाखर मॅडम, एकदा नजरेखालून घालाल का?

खडीसाखर, ३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

नक्की घालते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भिजलेली_वाट, ३ ऑगस्ट, रात्री ११:३०

आज पहिला दिवस. अठरा पेपर झाले. एकावर चावल्याची वेळ "सकाळी भांगलताना" एवढीच होती, ती मिनिटांत बसत नाही, तिथे रिकामं सोडलंय.